गव्हर्नरची खुर्ची आणि पक्षाची थैली

१/
१७ ऑक्टोबर १९१३ रोजी अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्याचे गव्हर्नर विल्यम सुल्झर यांना महाभियोग चालवून पदावरून दूर करण्यात आले. निवडणुकीत मिळालेल्या देणग्यांचा खोटा हिशेब त्यांनी शपथेवर सादर केला, हा त्यांच्यावरील मुख्य ठपका होता आणि तो निराधार नव्हता. परंतु ज्यांनी हा ठपका ठेवला, त्यांनीच वर्षभरापूर्वी सुल्झर यांना उमेदवारी देऊन निवडून आणले होते. आपण उभा केलेला माणूस पक्षाने स्वतःच का पाडला? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी त्याआधीची पंधरा वर्षे पाहावी लागतात.

२/
प्रथम एका शब्दाचा खुलासा आवश्यक आहे. आपल्याकडे गव्हर्नर म्हणजे वरून नेमलेला अधिकारी. १८९८ साली मुंबई इलाख्याचे गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट होते आणि त्यांची नेमणूक लंडनहून झालेली होती. आजही राज्यघटनेच्या १५५व्या अनुच्छेदानुसार राज्यपालांना राष्ट्रपती नेमतात. अमेरिकेतील राज्यांचा गव्हर्नर मात्र थेट लोकांच्या मतांनी निवडून येतो. अधिकारांच्या दृष्टीने तो आपल्या मुख्यमंत्र्याच्या जवळचा. फरक असा की त्याला राज्यभरातील मतदारांपुढे स्वतः उभे राहावे लागते. आणि राज्यभर उभे राहायचे म्हणजे खर्च आला.

३/
एकोणिसाव्या शतकात हा खर्च एकट्या उमेदवाराच्या आवाक्यातला नव्हता. सभागृहे, मशाल मिरवणुका, पत्रके, आगगाड्या आणि मतदानाच्या दिवशी गल्लोगल्ली फिरणारे कार्यकर्ते यांना पैसा लागे. न्यूयॉर्कमध्ये १८९०च्या सुधारणेपूर्वी मतपत्रिकासुद्धा सरकार छापत नसे. प्रत्येक पक्ष आपापल्या मतपत्रिका छापून मतदाराच्या हाती देई. त्यामुळे ज्याच्यामागे संघटना नाही, त्याचे नाव मतदारापर्यंत पोहोचणेही दुरापास्त होते. पक्षाने दिलेली उमेदवारी ही प्रतिष्ठेची बाब होतीच. शिवाय ती छापखाना, मनुष्यबळ आणि तिजोरी यांची हमी होती.

४/
ही तिजोरी भरे कशी? दीर्घकाळ तिचा मोठा आधार सरकारी नोकर हेच होते. पक्षाच्या कृपेने नोकरी मिळालेल्या माणसाने पगाराचा ठरावीक हिस्सा पक्षाला द्यायचा, असा अलिखित दंडक होता. १८८३ साली संघराज्याने पेंडल्टन कायदा केला आणि त्याच वर्षी न्यूयॉर्क राज्यानेही गुणवत्तेनुसार नोकरभरतीचा कायदा संमत केला. ही वर्गणी हळूहळू आटू लागली. तिची जागा रेल्वे, गॅस, ट्राम आणि विमा कंपन्यांच्या देण्यांनी घेतली. पूर्वी देणारे हजारो होते आणि प्रत्येक जण थोडे देई. आता देणारे मोजके झाले आणि त्यांची अपेक्षा मोठी झाली.

५/
या नव्या व्यवस्थेचे न्यूयॉर्कमधील सूत्रधार होते रिपब्लिकन पक्षाचे नेते थॉमस कॉलियर प्लॅट. मृदू स्वभावामुळे लोक त्यांना ‘सौम्य बॉस’ म्हणत. फिफ्थ अव्हेन्यू हॉटेलात ते दर रविवारी पक्षाच्या मंडळींना भेटत. या बैठकीला थट्टेने ‘प्लॅट यांची रविवारची शाळा’ असे नाव पडले होते. कंपन्या प्लॅट यांच्याकडे पैसे देत आणि प्लॅट ते पैसे राज्यभरातील विधिमंडळाच्या उमेदवारांना वाटत. निवडून आलेल्या आमदाराला कंपनीचे नावही ठाऊक नसे. त्याला ठाऊक असत ते फक्त प्लॅट. विशेष असे की या पैशाने त्यांनी स्वतःचे घर भरले, असा आरोप त्यांच्यावर सहसा होत नसे. त्यांना हवी होती सत्ता, आणि तीही दुसऱ्याच्या हातून वापरण्याची.

६/
१८९८ साली या यंत्रणेपुढे पेच उभा राहिला. पक्षाचे विद्यमान गव्हर्नर फ्रँक ब्लॅक यांच्या कारकिर्दीत ईरी कालव्याच्या कामातील गैरव्यवहार उघडकीस आले होते. त्यांनाच पुन्हा उभे केले तर पराभव समोर दिसत होता. त्याच उन्हाळ्यात क्यूबामधील सान हुआन टेकडीच्या लढाईने कर्नल थिओडोर रूझवेल्ट हे नाव देशभर गाजले. रूझवेल्ट हे सुधारणावादी, तोंडाने फटकळ आणि बॉसना न आवडणारे गृहस्थ. पण लोक त्यांच्यावर लुब्ध होते. प्लॅट यांना ते नको होते, पण पराभव त्याहून नको होता.

७/
१७ सप्टेंबर १८९८ रोजी रूझवेल्ट फिफ्थ अव्हेन्यू हॉटेलात जाऊन प्लॅट यांना भेटले. त्यांच्या काही सुधारणावादी मित्रांना हा आपला विश्वासघात वाटला. त्यांनी रूझवेल्ट यांना स्वतंत्र उमेदवार म्हणून उभे करण्याचा बेत केला होता. रूझवेल्ट यांनी निवड केली ती संघटनेची. पक्षाशी अकारण वैर धरणार नाही, नेमणुकांबाबत प्लॅट यांचा सल्ला घेईन, मात्र अंतिम निर्णय स्वतःच्या विवेकाने करीन, अशी त्यांची भूमिका होती. दोघांनीही या वाक्याचा आपापल्या सोयीचा अर्धा भाग लक्षात ठेवला, असे पुढील दोन वर्षांच्या घटनांवरून म्हणता येते.

८/
साराटोगा येथील अधिवेशनात उमेदवारी मिळाल्यावर रूझवेल्ट यांनी आगगाडीने राज्य पिंजून काढले. सोबत त्यांच्या पलटणीतील सैनिक असत आणि सभेपूर्वी बिगूल वाजे. मोहिमेची व्यवस्था राज्य समितीचे प्रमुख बेंजामिन ओडेल यांच्याकडे होती. विरोधात डेमोक्रॅटिक पक्षाचे ऑगस्टस व्हॅन वाइक होते आणि त्यांच्यामागे न्यूयॉर्क शहरातील टॅमनी हॉल ही बलाढ्य संघटना होती. तेरा लाखांहून अधिक मतांच्या या लढतीत रूझवेल्ट विजयी झाले ते सुमारे १७,८०० मतांनी. इतक्या निसटत्या विजयात नायकाची लोकप्रियता आणि पक्षाची यंत्रणा या दोन्हींना श्रेयावर हक्क सांगता येत होता.

९/
हा हक्क लगेचच वसुलीला आला. कालव्यांचा कारभार पाहणाऱ्या सार्वजनिक बांधकाम खात्याच्या प्रमुखपदी कोणाला नेमायचे हे प्लॅट यांनी परस्पर ठरवले आणि त्या गृहस्थांची होकाराची तारही नव्या गव्हर्नरच्या हाती दिली. फ्रान्सिस हेंड्रिक्स हे ते गृहस्थ. रूझवेल्ट यांनी शांतपणे नकार दिला. मग त्यांनी एक युक्ती योजली: स्वतःला पसंत असलेल्या चार जणांची यादी करून ती प्लॅट यांच्यापुढे ठेवली आणि त्यांतून कोणालाही निवडण्यास सांगितले. कर्नल जॉन पार्ट्रिज यांची नेमणूक झाली. प्लॅट यांचा मान राहिला आणि निर्णय गव्हर्नरचा झाला.

१०/
खरा संघर्ष पेटला तो १८९९च्या वसंतात. शहराच्या रस्त्यांवरून ट्राम चालवण्याचे, गॅसच्या नळ्या टाकण्याचे परवाने कंपन्यांना मिळत. त्यांची किंमत प्रचंड असूनही त्यांवर मालमत्ता कर नव्हता. सिनेटर जॉन फोर्ड यांनी तो बसवणारे विधेयक आणले आणि रूझवेल्ट त्याच्या पाठीशी उभे राहिले. विधेयक तातडीने घ्यावे असा संदेश त्यांनी विधानसभेकडे पाठवला. तो सभागृहात वाचलाच गेला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा संदेश पाठवला आणि हाही वाचला गेला नाही तर आपण स्वतः येऊन वाचू, अशी तंबी दिली. विधेयक संमत झाले. ज्या कंपन्यांच्या पैशावर पक्ष चालत होता, त्यांच्यावरच त्या पक्षाच्या गव्हर्नरने कर लावला होता.

११/
प्लॅट यांनी त्यांना लांबलचक पत्र लिहून आपली व्यथा कळवली. भांडवलाविषयीची रूझवेल्ट यांची मते आपल्याला पहिल्यापासून चिंताजनक वाटत होती, असा त्याचा आशय होता. ‘ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी’ ही आपल्याकडची म्हण या पत्राचे सार म्हणून पुरेशी आहे. पुढे विमा खात्याचे अधीक्षक लुई पेन यांना मुदतवाढ देण्यास रूझवेल्ट यांनी नकार दिला. तेव्हाही प्लॅट विरोधात गेले आणि अखेर नमले. पेन यांच्या जागी आले तेच हेंड्रिक्स, ज्यांना पहिल्या खेपेस डावलले होते.

१२/
या विजयानंतर, २६ जानेवारी १९०० रोजी, एका मित्राला लिहिलेल्या पत्रात रूझवेल्ट यांनी एका म्हणीचा उल्लेख केला. बोलावे मृदू, पण हाती जाड दांडका असावा, असा तिचा आशय. पाठ्यपुस्तकांत हे वचन अमेरिकेच्या परराष्ट्र धोरणाशी जोडलेले आढळते. त्याचा उगम मात्र आरमारात वा कालव्याच्या राजकारणात नाही. आपल्याच पक्षाच्या बॉसशी एका नेमणुकीवरून झालेल्या झटापटीत रूझवेल्ट यांच्या लेखणीतून ते प्रथम उतरले.

१३/
प्लॅट यांनी रूझवेल्ट यांना शिक्षा केली नाही. त्यांना बढती दिली. १९०० साली उपराष्ट्राध्यक्षपदासाठी त्यांचे नाव पुढे रेटण्यात प्लॅट यांचा मोठा वाटा होता. त्या काळी ते पद म्हणजे राजकीय अडगळ समजली जाई. सप्टेंबर १९०१मध्ये राष्ट्राध्यक्ष मॅकिन्ले यांची हत्या झाली आणि अडगळीत टाकलेला माणूस व्हाइट हाउसमध्ये पोहोचला. परंतु या नाट्यात एक गोष्ट नजरेआड होते. राज्य समितीकडे कोणी किती पैसे दिले, हे या काळात मतदारांना कधीच कळले नाही. १८९०च्या कायद्याने उमेदवाराने आपला खर्च जाहीर करायचा होता; पक्ष समितीवर तसे बंधन नव्हते. खर्च समितीच्या नावावर टाकला की उमेदवाराचा कागद स्वच्छ राहत असे.

१४/
हा पडदा १९०५ साली दूर झाला. न्यूयॉर्कच्या विधिमंडळाने विमा कंपन्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या आर्मस्ट्राँग समितीपुढे चार्ल्स इव्हान्स ह्यूज या वकिलांनी एकेका साक्षीदाराला बोलते केले. खुद्द प्लॅट यांनी विमा कंपन्यांकडून दहा दहा हजार डॉलरच्या देणग्या आल्याचे मान्य केले. देणाऱ्यांबद्दल उमेदवारांना नैतिक बांधिलकी वाटत असावी, अशा अर्थाचे उत्तरही त्यांच्या तोंडून आले. हा पैसा विमा उतरवलेल्या सामान्य कुटुंबांचा होता. आपल्या मृत्यूनंतर मुलाबाळांना आधार व्हावा म्हणून भरलेले हप्ते कोणाच्या तरी निवडणुकीत खर्च होत होते आणि भरणाऱ्याला त्याचा पत्ताही नव्हता.

१५/
लोकक्षोभ इतका झाला की १९०६ साली न्यूयॉर्कने कंपन्यांच्या राजकीय देणग्यांवर बंदी घातली आणि पक्ष समित्यांनाही हिशेब जाहीर करणे भाग पाडले. पुढच्याच वर्षी संघराज्याचा टिलमन कायदा आला. १९०६च्या निवडणुकीत अडचणीत सापडलेल्या रिपब्लिकन पक्षाने चौकशी करणाऱ्या ह्यूज यांनाच उमेदवारी दिली. त्यांच्या विरोधात वृत्तपत्रसम्राट विल्यम रँडॉल्फ हर्स्ट होते. ह्यूज यांनी जाहीर केलेला स्वतःचा खर्च सुमारे ६०० डॉलर, तर हर्स्ट यांचा अडीच लाखांहून अधिक. ह्यूज जिंकले. मात्र या आकड्यांवरून साधेपणाचा विजय झाला असा निष्कर्ष काढणे भाबडेपणाचे ठरेल. ह्यूज यांच्यामागे पक्षाची थैली होती. हर्स्ट यांनी बहुतांशी स्वतःची थैली सोडली होती.

१६/
या पार्श्वभूमीवर १९१२ साल उजाडले. रूझवेल्ट यांनी नवा प्रोग्रेसिव्ह पक्ष काढल्यामुळे रिपब्लिकन मते फुटली होती आणि डेमोक्रॅटिक उमेदवाराचा विजय जवळपास निश्चित होता. टॅमनी हॉलचे तेव्हाचे नेते चार्ल्स मर्फी. मितभाषी, सावध आणि कागदावर काही न ठेवणारे. त्यांच्या संमतीने विल्यम सुल्झर यांना उमेदवारी मिळाली. सुल्झर हे टॅमनीच्या मुशीत वाढलेले, १८९५पासून संसदेत असलेले लोकप्रिय वक्ते. दोन लाखांहून अधिक मताधिक्याने ते निवडून आले आणि १ जानेवारी १९१३ रोजी त्यांनी शपथ घेतली.

१७/
शपथ घेताच सुल्झर बदलले. गव्हर्नरच्या निवासस्थानाला त्यांनी ‘लोकांचे घर’ असे नाव दिले. मर्फी यांच्या कुटुंबाशी धंद्याने जोडलेले कंत्राटदार जेम्स गॅफनी यांना महामार्ग खात्याचे प्रमुखपद द्यावे, हा आग्रह त्यांनी मोडून काढला. त्याहून गंभीर बाब म्हणजे उमेदवार पक्षाच्या अधिवेशनाने न ठरवता मतदारांनी प्राथमिक निवडणुकीतून ठरवावेत, असे विधेयक त्यांनी आणले. हा घाव थेट मुळावर होता. उमेदवारी देण्याचा अधिकारच गेला, तर देणगीदारांनी बॉसच्या दारी का यावे?

१८/
टॅमनीच्या हाती विधिमंडळ होते. सिनेटर जेम्स फ्रॉली यांच्या समितीने सुल्झर यांचे निवडणूक हिशेब तपासायला घेतले. सुल्झर यांनी शपथेवर जाहीर केले होते: मिळालेल्या देणग्या ५,४६० डॉलर, खर्च ७,७२४ डॉलर. समितीला या यादीत नसलेली नावे सापडली. बँकर जेकब शिफ यांचे २,५०० डॉलर आणि हेन्री मॉर्गेंथाउ यांचे १,००० डॉलर ही त्यांतील ठळक उदाहरणे. काही पैसा शेअर बाजारात गुंतवल्याचेही उघड झाले. ज्या प्रकारच्या कायद्यासाठी सुधारणावाद्यांनी इतकी वर्षे आवाज उठवला होता, त्याचे हत्यार आता बॉसच्या हाती आले होते.

१९/
१३ ऑगस्ट १९१३ रोजी विधानसभेने ७९ विरुद्ध ४५ मतांनी महाभियोगाचा ठराव संमत केला. तेव्हा सभापतीच्या आसनावर अल्फ्रेड स्मिथ होते. सिनेटर आणि राज्याच्या सर्वोच्च न्यायपीठाचे न्यायाधीश यांच्या संयुक्त न्यायालयापुढे खटला चालला. सुल्झर स्वतः साक्षीला उभे राहिले नाहीत. देणग्यांची चोरी केल्याचा आरोप फेटाळला गेला. खोटे प्रतिज्ञापत्र आणि साक्षीदारांवर दबाव यांसंबंधीचे आरोप सिद्ध मानले गेले. ४३ विरुद्ध १२ मतांनी त्यांना पदच्युत करण्यात आले. अध्यक्षस्थानी असलेले न्यायाधीश एडगर कलन यांनी मात्र विरोधी मत नोंदवले. सदर कृत्ये पदग्रहणापूर्वीची असल्याने त्यांवर महाभियोग चालू शकत नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

२०/
सुल्झर निर्दोष नव्हते. तरीही या खटल्यात जे विचारले गेले, त्याइतकेच जे विचारले गेले नाही तेही बोलके आहे. सगळा रोख एका माणसाच्या पाकिटावर होता. त्याला निवडून आणणाऱ्या संघटनेने किती खर्च केला, तो पैसा कुठून आला आणि त्याबदल्यात कोणाला कोणती कंत्राटे अपेक्षित होती, हे प्रश्न खटल्याच्या कक्षेबाहेर राहिले. सुल्झर मर्फी यांच्या शब्दात राहिले असते, तर तेच प्रतिज्ञापत्र दप्तरात धूळ खात पडले असते, असे मानण्यास पुरेसा आधार आहे.

२१/
रूझवेल्ट तगले आणि सुल्झर पडले, याची कारणे स्वभावापलीकडची आहेत. रूझवेल्ट यांनी बॉसला त्याच्या नेमणुका आणि कर या बाबतीत दुखावले. उमेदवारी देण्याच्या त्याच्या अधिकाराला हात लावला नाही आणि त्याच्याशी बोलणे कधी थांबवले नाही. शिवाय त्यांच्या हिशेबात विरोधकांना पकडण्याजोगे काही गवसले नाही. सुल्झर यांनी थेट मुळावर घाव घातला आणि तोही स्वतःचा हिशेब मळलेला असताना. पक्षाच्या पैशावर निवडून येऊन पक्षाला आव्हान देणारा माणूस आपल्या लहानशा खोट्यापायीही मिंधा होतो.

२२/
मतदारांचा न्याय निराळा होता. पदच्युतीनंतर काही आठवड्यांतच, नोव्हेंबर १९१३मध्ये, सुल्झर विधानसभेवर निवडून आले आणि न्यूयॉर्क शहराच्या महापौरपदाच्या निवडणुकीत टॅमनीचा पराभव झाला. मर्फी मात्र १९२४मध्ये निधन होईपर्यंत टॅमनीचे नेते राहिले. महाभियोगाच्या वेळचे सभापती स्मिथ १९१८ साली त्यांच्याच पाठिंब्याने गव्हर्नर झाले आणि राज्याच्या उत्तम प्रशासकांत गणले गेले. इतिहास सोप्या धड्यांना दाद देत नाही, तो असा.

२३/
आज प्राथमिक निवडणुकांमुळे उमेदवारी ठरवण्याची बॉसची सत्ता ओसरली आहे. थैली मात्र स्थलांतरित झाली आहे. रिपब्लिकन गव्हर्नर्स असोसिएशन आणि १९८३ साली स्थापन झालेली डेमोक्रॅटिक गव्हर्नर्स असोसिएशन या संस्था देशभरातून निधी जमवतात आणि जिथे लढत अटीतटीची असेल त्या राज्यात ओततात. देणारा एका टोकाच्या राज्यातला आणि निवडणूक दुसऱ्या टोकाची, असे सहज घडते. दुसरी वाटही आहे: न्यू जर्सीने १९७७पासून गव्हर्नरपदाच्या उमेदवारांना अटींसह सार्वजनिक निधी देण्यास सुरुवात केली.

२४/
निवडणूक निधीचे जुने कागद वाचताना म्हणून दोन रकाने शोधावेत. पहिला, उमेदवाराने काय लपवले. दुसरा, ते लपवलेले नेमके कोणी, केव्हा आणि कोणत्या भांडणानंतर उघड केले. सुल्झर यांच्या प्रतिज्ञापत्रावर तारीख नोव्हेंबर १९१२ची आहे. त्याची आठवण विधिमंडळाला झाली ती १९१३च्या उन्हाळ्यात, प्राथमिक निवडणुकीचे विधेयक सभागृहात पडल्यानंतर. मधल्या महिन्यांत त्या कागदावरचा एक आकडाही बदललेला नव्हता.

(समाप्त)